कवळी टोचते

"आईला नवी कवळी करून द्या मॅडम, ही सैल झालीय," मुलगा आत येता येताच म्हणाला. दुपारची शेवटची अपॉइंटमेंट होती. आजी मागून हळूहळू आल्या, खुर्चीत बसल्या आणि हातातली डबी मांडीवर ठेवली. खालची कवळी डबीत होती, तोंडात नव्हती.

वय 74. केसपेपर काढला, तर चार महिन्यांपूर्वीची नोंद माझ्याच अक्षरात: 'उजवीकडे जिभेला टोचते. कड घासून दिली.' पुढे काही नाही. पुन्हा कधी दाखवायचं, तेही लिहिलेलं नाही.

कवळी सैल होण्यात नवल नसतं. दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं, आणि एकेकाळी घट्ट बसलेली कवळी हलायला लागते. त्यामुळे मी माप घ्यायच्या तयारीला लागले होते. सहज विचारलं, "कवळी डबीत का, आजी?"

मुलगाच म्हणाला, "तीन आठवडे झाले, घालतच नाही ती."

"मग आता टोचायचं थांबलं असेल."

आजींनी मान हलवली. "नाही हो बाई. कवळी नसली तरी तिथं लागतंच."

मी मापाचा ट्रे खाली ठेवला. कवळीने झालेली जखम कवळी काढली की आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत भरते. इथे तीन आठवडे कवळी तोंडात नाही आणि जखम तशीच आहे. मग दोष कवळीचा कसा असेल?

गॉजच्या तुकड्याने जिभेचं टोक धरून जीभ डावीकडे ओढली. उजव्या कडेला, बरंच मागे, एक व्रण होता. मध्ये लालसर, भोवती पांढरट, कडा उचललेल्या. आरशात बघून मन अर्धं धास्तावलं, उरलेलं बोट लावल्यावर. जीभ मऊ असते, पण त्या व्रणाखाली आणि आजूबाजूला ती टणक लागत होती. मागे उभं राहून मान चाचपली. गाठ हाताला लागली नाही.

मग मी मुलाला विचारायला सुरुवात केली. गेल्या काही महिन्यांत काय काय बदललं? तो आठवून आठवून सांगू लागला. उजवा कान दुखतो म्हणून थेंब आणले होते, उपयोग झाला नाही. जेवायला फार वेळ लावते. फोनवर बोलणं जरा जड वाटतं. प्रत्येक वेळी घरात एकच उत्तर निघालं होतं, वय झालं. कानाचं मी त्याला समजावलं. जिभेची आणि कानाजवळची संवेदना एकाच मोठ्या नसेच्या फाट्यांतून जाते, म्हणून दुखणं जिभेत असतं आणि ठणका कानात लागतो. आजींच्या बोटातल्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला होता. ती गळून पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच गुंडाळला होता, कुणाला न सांगता.

"पण तिने तंबाखूला कधी हातसुद्धा लावला नाही," मुलगा म्हणाला. तंबाखू आणि दारू ही तोंडाच्या कॅन्सरची मोठी कारणं खरीच, पण दोन्हींपासून लांब राहिलेल्या माणसांनाही जिभेच्या कडेचा कॅन्सर होतो. त्याने डोळ्यांनी मला बाहेर चला अशी खूण केली. मी गेले नाही. तोंड आजींचं होतं, त्यांच्यासमोरच बोलले. "आजी, हा व्रण मला कवळीचा वाटत नाही. यातला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा. कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही, पण नाही असंही आज म्हणता येणार नाही."

त्या थोडा वेळ डबीकडे बघत राहिल्या. "मग आजच काढा," म्हणाल्या.

चार महिन्यांपूर्वीची ती नोंदही मी दोघांना दाखवली. त्या दिवशी दोन आठवड्यांनी परत बोलवायला हवं होतं, हे सांगताना जीभ जड झाली. मुलगा काहीच बोलला नाही. आजी म्हणाल्या, "मीही यायला हवं होतं." नाही, बोलवणं माझं काम होतं.

बायोप्सीचा रिपोर्ट आठवड्याने आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या आवरणाचा कॅन्सर. पुढच्या तपासण्यांत जिभेतली गाठ अडीच सेंटिमीटरची निघाली, मानेत किंवा इतरत्र पसरलेली नव्हती, म्हणजे दुसरी स्टेज. ऑपरेशनमध्ये जिभेचा काही भाग आणि मानेतल्या लसिका ग्रंथी काढल्या, कारण हाताला न लागणाऱ्या पेशी तिथे लपलेल्या असू शकतात.

आता कवळी घासून दिली की मी त्याच कागदावर चौदा दिवसांनंतरची तारीख लिहिते आणि त्या दिवशी कुणी आलं नाही तर घरी फोन करते.

सात महिन्यांनी आजी परत आल्या. 'स' आणि 'ट' अजून नीट उमटत नव्हते, पण बोलणं कळत होतं. अंगठीचा दोरा काढलेला होता. मांडीवर तीच डबी. या वेळी मी माप घेतलं.