द्रासमध्ये असताना लग्नाची नोंद: माझा अनुभव

१९९९ च्या मे महिन्यात लग्नासाठी घेतलेली माझी सुट्टी तार येऊन रद्द झाली आणि अंगाची हळद उतरण्यापूर्वीच मी तोफखान्यातील माझ्या युनिटबरोबर कारगिल युद्धाच्या आघाडीवर, द्रासला पोहोचलो. युनिटने ‘पार्ट टू ऑर्डर’ (जवानाच्या वैयक्तिक नोंदींचा लष्करी आदेश) काढून लग्नाची नोंद नाशिक रोडच्या तोफखाना रेकॉर्ड्सला, म्हणजे जवानांचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाला, कळवेपर्यंत जवान कागदोपत्री अविवाहितच असतो. माझ्या कागदांत वारस म्हणून वडिलांचे नाव होते, पत्नीचे कुठेच नव्हते. आणि आमच्या बोफोर्सच्या माऱ्याला समोरूनही उत्तर येत असल्याने हे काम पुढच्या सुट्टीवर टाकण्याजोगे नव्हते.

युनिटमधले काम सोपे निघाले. हेड क्लार्कने बंकरमध्येच अर्ज भरून घेतला आणि लग्नाचा दाखला मागवायला सांगितले.

दाखला गावाकडच्या एका कार्यालयात अडकला. वराने स्वतः हजर राहून सही केल्याशिवाय नोंद होणार नाही, असे तेथील लिपिकाचे म्हणणे होते. नियम तसा आहे, हे मला मान्य आहे. परंतु ‘मग मुलाला बोलावून घ्या’ असे माझ्या वडिलांना तोंडावर सांगणाऱ्या त्या माणसाचा राग मला आजही येतो. पुढच्या खेपेला त्याला लग्नपत्रिका हवी झाली, नंतर भटजींची सही, नंतर पत्नीचा शाळा सोडल्याचा दाखला. (लागणाऱ्या कागदांची यादी पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्यावी.) प्रत्येक हरकत वडील अंतर्देशीय पत्रातून ५६ एपीओच्या (लष्करी टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर कळवीत, आणि माझे उत्तर घरी पोहोचेपर्यंत तिकडे नवी हरकत निघालेली असे. दिवसभर चाळीस किलोंहून जड गोळे उचलून झाल्यावर डाक आली, की सोबती घरची खुशाली वाचत आणि मी कागदांची यादी वाचत असे. पत्राच्या घडीवर पत्नी चार ओळी लिहीत असे, त्यांतल्याही दोन त्या लिपिकाविषयीच असत. पत्रात ठिकाण लिहिण्यास मनाई असल्यामुळे मुलगा नेमका कुठे आहे, हेही वडिलांना त्या टेबलापुढे सांगता येत नव्हते.

अखेर गावातल्या एका माजी सैनिकाने वडिलांना जिल्हा सैनिक कार्यालयात नेले. तेथील अधिकाऱ्यांचे पत्र आणि बॅटरी कमांडर (आमच्या तोफांच्या तुकडीचे प्रमुख) साहेबांनी साक्षांकित केलेली माझी सही एकत्र जाताच त्याच लिपिकाने दाखला दिला. वडिलांनी पहिल्याच दिवशी तेथे जायला हवे होते, हे मी आता प्रत्येक नव्या जवानाला सांगतो. ऑर्डर निघाली तेव्हा जुलै संपून तोफा थंडावल्या होत्या.

ऑर्डरची प्रत क्लार्ककडून अवश्य मागून घ्यावी आणि नावाचे प्रत्येक अक्षर तपासावे. माझ्या पत्नीचे नाव माहेरच्या आडनावाने चढले होते आणि ते दुरुस्त करण्यासाठी दुसरी ऑर्डर काढावी लागली.