रंग मळतात ते नेमके कुठे?

‘तुमच्या चित्रांतले रंग स्वच्छ दिसतात. आम्ही तेच रंग घेतले तरी चिखल होतो. कोणत्या कंपनीचे वापरता?’ हे इतक्यांदा विचारलं जातं की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. कंपनीचा वाटा थोडा. खरा घोळ होतो तो कागदात किती ओल असताना ब्रश टेकवला, यात.

जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा हात, वाळताना आधी आरशासारखा चमकतो. मग चमक मंदावून रेशमी होते. मग तीही जाते, पण बोटाची मागची बाजू लावली तर कागद गार लागतो. शेवटी गारवा जातो. पाणी चमकतंय तोवर दुसरा रंग बिनधास्त सोडा, तो आपला आपण पसरतो. चमक रेशमी झाली की मात्र ब्रशमधला रंग कागदावरच्यापेक्षा घट्ट हवा. लांबच्या झाडांच्या मऊ कडा याच वेळी मिळतात. इथे पाणचट ब्रश टेकला तर जास्तीचं पाणी कमी ओल्या भागात घुसतं, तिथला रंग पुढे ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कातरलेला डाग उमटतो. गार कागद हा तर घातवार. वर वाळल्यासारखं वाटतं, पण खालचा रंग धरलेला नसतो. ब्रश दोनदा घासला की तो सुटून वरच्यात कालवला जातो. आपण ज्याला चिखल म्हणतो तो हाच.

एप्रिलच्या दुपारी हे सगळे टप्पे ४-५ मिनिटांत उरकतात, जुलैत अर्धा तासही लागतो. त्यामुळे घड्याळ पाहू नका, कागद तिरका धरून उजेडात चमक पाहा. हेअर ड्रायर चमक गेल्यावरच लावा, नाहीतर वारा साचलेलं पाणी ढकलून ओघळ पाडतो. आणि ड्रायरनंतर कागद निवू द्या. गरम कागदाला बोट लावून ओल कळत नाही.

रंगाचा घट्टपणा स्वयंपाकघरातूनच उचला: पहिला हात कोऱ्या चहासारखा, दुसरा दुधासारखा, शेवटचे गडद फटकारे सायीसारखे. वाळल्यावर रंग एक पायरी फिका पडतो, तेव्हा ओला असताना थोडा जास्त वाटला पाहिजे. बहुतेकजण भीतभीत फिका लावतात, मग त्यावर दुसरा थर, मग तिसरा. चौथ्या थराला कागदाचा पांढरेपणा खालून डोकावेनासा होतो.

अलीकडच्या चित्रांपैकी दोन वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटाची आहेत. एक जमलेलं, एक फसलेलं. दोन्हींत कृष्णेकडे उतरणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या, दोन्हींत रंग तेच. फसलेल्या चित्रात पायऱ्यांची सावली तीन वेळा लावली आहे, आणि दगड ओल्या गोणपाटासारखा दिसतो. जमलेल्यात ती एकदाच आहे: अल्ट्रामरीन (निळा) दोन भाग, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक भाग, पॅलेटवर पूर्ण न ढवळता १२ नंबरच्या गोल ब्रशने वरून खाली. बोर्ड मागून दोन बोटं उचललेला, म्हणजे रंगाचा थेंब खालच्या कडेला साचतो आणि त्यालाच पुढे ओढत न्यायचं. शेवटी उरलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपायचा; राहू दिला तर तो उलटा चढतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, तीच दगडाची खरखर. उन्हातल्या पायऱ्यांवर पिवळसर फिक्या हाताशिवाय काहीही नाही.

गडद म्हणजे मळकं, हा एक गैरसमज. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आठवा. भोवतीच्या अंधारामुळे पुष्कळांना ते तैलरंगातलं वाटतं, आहे जलरंगात.

मिश्रणाबद्दल एवढंच: ट्यूबच्या पाठीवरचे रंगद्रव्यांचे क्रमांक वाचा. अल्ट्रामरीनवर एकच असतो, पीबी २९. सॅप ग्रीन बहुधा मुळातच दोन-तीन द्रव्यांचं मिश्रण असतं. त्यात आणखी दोन ट्यूब पिळल्या की चार-पाच द्रव्यं झाली, मग करडेपणा येणारच. पावसाळी हिरव्यासाठी पिवळा आणि अल्ट्रामरीन घ्या, भडक वाटला तर बर्न्ट सिएनाचं टोक लावा. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ.

खर्च करायचाच तर रंगांआधी कागदावर करा. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरमागे ३०० ग्रॅम वजनाचा) कॉटन कागद ओल जास्त वेळ आणि सारखी धरतो. २२ बाय ३० इंची शीटचे चार तुकडे केले की परवडतो. पण पाणी चटकन शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला खळ दिलेली असते आणि पावसाळ्याच्या दमटपणात ती बिघडते. मग रंग टीपकागदावर पडल्यासारखा जागच्या जागी शोषला जातो आणि ठिपके उमटतात. उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवा.

चिखल झालाच असेल तर हात मागे घ्या, पूर्ण वाळू द्या. मग ओलसर सपाट ब्रशने हलकेच घासून टिश्यूने टिपा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचललं जातं. थॅलो ब्लू कागदात रंगून बसतो, त्याच्या नादी लागू नका. कॉटन कागद असेल तर उलटा करा, मागची बाजूही रंगवता येते.