मनीचे पोट आणि प्रोबायोटिकची पुडी
अँटिबायोटिकच्या गोळ्यांनंतर मनीला जुलाब सुरू झाले, म्हणून आज पशुवैद्यांनी प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपकारक अशा जिवंत जिवाणूंची, पुडी दिली. मात्र पुडीतील ‘एंटेरोकॉकस फेसियम’ हा जिवाणूही अँटिबायोटिकने मरू शकत असल्याने दोन्ही औषधांत काही तासांचे अंतर ठेवायला त्यांनी बजावले. याच जिवाणूच्या ‘एसएफ६८’ या वाणाचा निवारागृहातील मांजरांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला असून, त्यात दोन किंवा अधिक दिवस टिकणाऱ्या जुलाबांचे प्रमाण कमी आढळले होते. पुडीऐवजी घरचे दही का नको, हा आईचा प्रश्न रास्तच होता. परंतु विरजणातील जिवाणू निराळे असतात आणि बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही. शौचात रक्त दिसल्यास किंवा मनीने खाणे सोडल्यास मात्र पुडीवर विसंबून न राहता तिला तातडीने दवाखान्यात न्यायचे आहे.