२६ जुलैला सुट्टी? नको बाई

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर परवा कुणीतरी टाकलं, कारगिल विजय दिवसाला सार्वजनिक सुट्टी हवी. लगेच धडाधड अंगठे. मी नाही दिला.

माझे थोरले काका तेव्हा फौजेत होते. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात आजी बातम्यांना टीव्हीसमोरून हलायची नाही, आणि पोस्टमन दिसला की मात्र आत पळायची. काका परत आले. भारताचे ५२७ जवान आले नाहीत.

सुट्टी दिली तर काय होणार, साताऱ्यात राहून मला चांगलं ठाऊक आहे. ऐन पावसाळा, ठोसेघरला गाड्यांची रांग, कणसं, सेल्फी. १ मेला तरी हुतात्मा चौक किती जणांना आठवतो? (मुंबईकरांना २६ जुलै म्हटलं की २००५ चा पूरच आठवतो, त्यांना काय बोलणार.)

शाळा भरली की पोरं निदान समोर असतात. गेल्या वर्षी परिपाठाला काकांनाच बोलावलं. शौर्याचं अवाक्षर नाही. उंचावर भात कसा शिजता शिजत नाही, तेच सांगत बसले. "मग खायचात काय?" एकाने विचारलं.

पहिला गणिताचा तास बुडाला.