गाडी चकचकीत करून देणाऱ्या डिटेलिंगवाल्याला पैसे देण्याआधी हे बघा
सिरॅमिक कोटिंगच्या (पेंटवर चढवायचा पारदर्शक संरक्षक थर) रेटवर सगळे घासाघीस करतात, पण खरी मेहनत त्याआधीच्या पॉलिशिंगमध्ये असते, पैसे तिथे जायला हवेत. कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, त्यात वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट जेमतेम ४०-५० आणि प्रत्येक कटिंगला (ओरखडे काढायला मशीनने घासणं) तो झिजतोच, म्हणून जाडी न मोजता जो थेट मशीन लावतो त्याच्याकडे मी गाडी टाकत नाही. कोटिंगच्या आधी बॉनेट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून घ्या आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, ग्लेझखाली (ओरखडे तात्पुरते झाकणारं क्रीम) दडवलेले गोल गोल ओरखडे लगेच दिसतात! आणि ९एच (पेन्सिलच्या कडकपणावरून दिलेला आकडा) कोटिंगवर दगड लागला तरी काही होत नाही असं कुणी सांगितलं तर सरळ निघा तिथून, दगडासाठी पीपीएफच (पेंटवर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म) लागते आणि तिचा खर्च बराच जास्त असतो.