क्षमा एका रविवारी होत नाही

'क्षमा कर आणि मोकळी हो.' हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आता नुसतं कानावर पडलं तरी डोकं तडकतं. सांगणारे सगळे माझ्या मंडळीतलेच, म्हणजे चर्चमधलेच, मनाने चांगले. पण क्षमा करायची कशी, हे कोणीच सांगितलं नाही. माझ्यासारखी एखादी अशीच अडून बसली असेल, तिच्यासाठी हे लिहितेय.

संडे स्कूल, दृढीकरण, तरुण संघ, लग्नानंतर महिला मंडळ, यातलं काहीच मला जड गेलं नाही. अडलं ते वडील गेल्यावर. 'वारसनोंदीचा कागद आहे' म्हणून दादा मला निबंधक कार्यालयात घेऊन गेला, सही-अंगठा झाला. पुढे सातबारा काढला तर त्यावर त्याचं एकट्याचं नाव. माझ्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं.

तेव्हापासून प्रभूच्या प्रार्थनेत ऋण्यांच्या ओळीशी, म्हणजे आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं म्हणतो तिथे, आले की माझा आवाज बंद व्हायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर आधी समेट कर, मग अर्पण दे. इथे तर माझ्याच मनात होतं. बाकीच्या बायका पदर सावरत पुढे जायच्या, मी बाकावर पाय आखडून त्यांना वाट करून द्यायची. परत येताना त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत, ते जास्त लागायचं. आमचे त्या वेळचे पाळक एकदा दारातच म्हणाले, "अजून मनात ठेवलंय? विश्वास कमी पडतोय तुमचा." त्या रात्री मी प्रार्थनाच केली नाही.

मग मी बायबलमधली योसेफाची गोष्ट पहिल्यापासून वाचायला घेतली, वयं मांडत. भावांनी विकला तेव्हा तो १७ वर्षांचा. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३०. नंतर सुकाळाची ७ वर्षं, दुष्काळाची २. म्हणजे भावांच्या गळ्यात पडून तो रडला तोवर २२ वर्षं उलटली होती. त्याआधी त्याने त्यांना ओळख दिली नाही, पारखून घेतलं, बाजूला जाऊन एकटा रडला. पुढे त्यांचा बाप याकोब मिसरात १७ वर्षं राहून वारला, तर भाऊ पुन्हा घाबरले, आणि योसेफाला पुन्हा रडून तेच सांगावं लागलं. संडे स्कूलमध्ये गोष्ट गळाभेटीशी संपायची. उत्पत्तीचा पन्नासावा अध्याय कोणी वाचून दाखवलाच नव्हता! मला किती हलकं वाटलं, काय सांगू.

आमच्या नगरच्या कवी रेव्हरंड टिळकांचंच बघा. नारायण वामनांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. नवरा-बायको असून पाच वर्षं मागेपुढे. त्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

एका निवृत्त पाळकांच्या पत्नीने मला खरी वाट दाखवली. त्या म्हणाल्या, "दादाचं नाव घेऊन रोज एकच वाक्य बोल, खरं असेल तेवढंच." मी सुरुवात केली, 'प्रभू, दादाची शुगर ताब्यात राहू दे.' त्यापुढे कित्येक दिवस तोंडातून शब्द फुटत नव्हता. राग फार चढला की त्या मला १०९ वं स्तोत्र मोठ्याने वाचायला लावायच्या. दाविदाचे ते शाप देवासमोरच ओतलेले आहेत, आपणही तिथेच ओतावेत. आणि क्षमा केली म्हणजे तो कागद बरोबर होता असं होत नाही, हेही त्यांनीच बजावलं.

कोर्टात जाऊ नये म्हणून करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय मला पुष्कळांनी दाखवला. मत्तय १८ मात्र कोणी उघडला नाही. तिथे पायऱ्या दिल्यात: आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. मी तसंच केलं. एकटी गेले तेव्हा दादा उठून गोठ्याकडे गेला. दोन वडीलधाऱ्यांना घेऊन गेले तेव्हा बसला, वहिनीने चहा ठेवला.

समेट पुरा होईपर्यंत प्रभुभोजनाला थांबू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. आपल्याकडून पाऊल पडलं की पुढे जा. मी दुसऱ्या भेटीनंतरच्या रविवारी गेले. राग पूर्ण गेला नव्हता, पण ऋण्यांची ओळ आवाजात म्हटली. भाकर हातात घेताना रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आणि बहिणींनो, निबंधक कार्यालयात भाऊ कितीही घाई करो, कागद पूर्ण वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.

दादा विहिरीजवळचा तुकडा माझ्या नावावर करायला तयार आहे, बाकीच्याचं 'बघू' म्हणतो. सुगी झाली की पुन्हा बसायचं ठरलंय.