तुम्ही विचारलंत म्हणून: माग इचलकरंजीत, मग शर्ट ढाक्याचा का?

मी इचलकरंजीची म्हटलं की बाहेरगावचे लोक हमखास विचारतात, "एवढे माग तुमच्याकडे, मग शर्टावर 'मेड इन बांगलादेश' कसं?" पाठोपाठ "आपले लोकच आळशी" हे उत्तरही तेच देऊन टाकतात. त्याचा मला राग येतो.

इथे पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी बसवला तो 1904 साली. बांगलादेशात देश गार्मेंट्सचा दाएवू या कोरियन कंपनीशी करार झाला 1978 मध्ये. कोरियाकडून किती कपडे घ्यायचे याला गिऱ्हाईक देशांनी मर्यादा (कोटा) घातली होती, त्यामुळे त्यांना दुसऱ्या देशाचा पत्ता हवाच होता. सुमारे 130 जण बुसानला जाऊन काम शिकून आले आणि पुढे त्यातल्या बऱ्याच जणांनी दुसरे कारखाने उभे केले. सरकारने दोन सोयी दिल्या: निर्यातीसाठीचं कापड बिनशुल्क आणायचं, आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या एलसीवर (बँकेच्या पैशाच्या हमीपत्रावर) ते उधारीत उचलायचं. खिशात फारसं भांडवल नसलं तरी धंदा सुरू!

आपल्याकडे त्याच काळात तयार कपडे लघुउद्योगासाठी राखीव होते, थेट 2000 पर्यंत. मोठं व्हायचं तर सवलत सोडा. गिरण्यांना माग वाढवायला बंदी, यंत्रमागाला करात सूट. त्यात 1982 चा मुंबईचा संप. आमचं गाव त्यावरच पोसलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पोसलं ते आडवं: छोटे कारखाने वाढले, मोठे झाले नाहीत.

खर्चीवाल्याकडे, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या मागवाल्याकडे बघा. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याला मजुरी पिकावर, म्हणजे कापडात आडवे धागे किती त्यावर. त्यातूनच लाइटबिल, विणकराचा पगार, कांड्या भरणाऱ्या कांडीवालीचे पैसे. धोट्यातली (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली) कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपत आली की विणकर माग थांबवतो, कांडी बदलतो, माग पुन्हा सुरू करतो. तिथे कापडावर बारीक पट्टी उमटू शकते. परकराच्या कापडात ती कुणी बघत नाही, निर्यातीच्या तपासणीत तागा परत येतो. बिनधोट्याचा माग घ्यावा तर कर्जाला तारण काय देणार? सूतही त्याचं नाही.

ढाक्याचा हेवा मात्र मला वाटत नाही. 2013 मध्ये तिथली राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेवर माणसं गेली. ती इमारत धोक्याची आहे हे आदल्या दिवशीच कळलं होतं, तरी कामगारांना आत पाठवलं.

आता इथेही रेपियर, एअरजेट हे बिनधोट्याचे माग आलेत. ते घेतले ते मुख्यतः स्वतःचं सूत आणि स्वतःचं गिऱ्हाईक असलेल्यांनी. खर्चीवाला अजून पिकाच्या दरासाठी भांडतोय.